प्रकल्प नोंदी: मुख्य जेवणासोबत मोझेलची गोड रिझलिंग

१९ ऑगस्ट २०२४

मालकीणबाईंनी आज काम सोपवलं. जर्मनीत मोझेल नदीकाठच्या ट्रियरमधल्या आमच्या छोट्या वाइनस्टूबमध्ये, म्हणजे वाईनसोबत जेवण देणाऱ्या खानावळीत, ११ नोव्हेंबरला, म्हणजे सेंट मार्टिनच्या दिवशी, हिवाळी मेन्यू सुरू होतो आणि नाताळपर्यंत चालतो. यंदा त्यातल्या प्रत्येक पदार्थासोबत मोझेलची गोड रिझलिंग, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाची पांढरी वाईन, द्यायची आहे. पदार्थ मी ठरवायचे, बाटल्या दोघींनी मिळून निवडायच्या.

गरज का पडली, तेही नोंदवते. इथे येणारं गिऱ्हाईक बसता बसताच ‘ट्रोकन’ मागतं, म्हणजे कोरडी वाईन. गोड बाटली कुणी मागवलीच तर जेवणाच्या शेवटी, केकसोबत. केकमध्ये वाईनपेक्षा जास्त साखर असते, त्यामुळे घोट आंबट आणि पाणचट लागतो, आणि गिऱ्हाईक वाईनला नावं ठेवत उठतं. मासे, मांस, तळण आणि मसाला यांच्या शेजारी ही वाईन जेवढी शोभते तेवढी गोडाशेजारी शोभत नाही, असं माझं ठाम मत आहे. ते मेन्यूतून दाखवायची संधी मिळतेय.

बाटल्यांची पहिली निवड: २०२१ची काबिनेट, २०१९ची श्पेटलेझ, २०१५ची आउसलेझ, आणि तळघरात मागच्या फळीवर उरलेली १९९७ची आउसलेझ. सगळ्या रिझलिंगच्या, सगळ्या मोझेलच्या. काबिनेट, श्पेटलेझ, आउसलेझ ही तोडणीच्या वेळी द्राक्ष किती पिकलेलं होतं त्याची चढती नावं. बेरेनआउसलेझ, ट्रोकनबेरेनआउसलेझ आणि आइसवाईन यांना हात लावायचा नाही असं दोघींचं एकमत झालं. त्या महाग आहेत, आणि इतक्या दाट गोडीच्या आहेत की ताटातलं काहीही त्यांच्यापुढे फिकं पडतं.

२६ ऑगस्ट

आज खाणं बाजूला, फक्त वाईन. बागायतदारांकडून आलेले तपासणीचे आकडे समोर ठेवून एकेक ग्लास चाखला. श्पेटलेझमध्ये लिटरला ८० ग्रॅमच्या आसपास साखर निघाली, आणि आकडा ऐकून आमचा मुख्य आचारी चमकला. साध्या कोलामध्ये लिटरला १०० ग्रॅमच्या वर साखर असते, म्हणजे ८० हा आकडा लहान नाहीच. पण त्याच श्पेटलेझमध्ये लिटरला साडेआठ ग्रॅम आम्लता आहे आणि अल्कोहोल फक्त ८ टक्के. घोट घेतला की आधी पिकलेलं पीच, मग लिंबाची साल, आणि गिळल्यावर जीभ अगदी स्वच्छ. पुढच्या क्षणी तोंडाला पाणी सुटतं. पुढच्या घासाची इच्छा जागवणारी वाईन जेवणातच हवी, माझा सगळा युक्तिवाद यावर उभा आहे.

ही आम्लता येते हवेतून. मोझेल ५० अक्षांशाच्या आसपास वाहते, उन्हाळा बेताचा, रिझलिंग सावकाश पिकते आणि ऑक्टोबर उजाडला तरी आंबटपणा धरून ठेवते. आमच्या नाशिककडे वाईनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये तोडतात. ऊन चढत जातं तशी मण्यांतली आम्लता भराभर उतरते, आणि बागायतदाराचं लक्ष तिकडेच लागलेलं असतं. इथला बागायतदार उलट साखर कधी चढते याची वाट बघतो.

गोडी बाटलीत कशी राहते, हे आचाऱ्याला समजावून सांगितलं, कारण तो ‘वरून साखर घालतात’ असं धरून चालला होता. यीस्ट द्राक्षाची साखर खाऊन अल्कोहोल बनवतं. सगळी साखर संपण्याआधी टाकी थंड करायची, यीस्ट गाळून काढायचं, थोडं सल्फर द्यायचं. राहिलेली साखर द्राक्षाची स्वतःची. २०व्या शतकात बारीक निर्जंतुक गाळण्या आल्या तेव्हा हे काम भरवशाचं झालं. त्याआधी हिवाळ्यात तळघर गारठलं की यीस्ट आपोआप झोपायचं, पण वसंतात पुन्हा जागं व्हायची धास्ती असायची. कोरड्या वाईनमध्ये न आंबवलेला द्राक्षरस मिसळून गोडी आणायचीही रीत आहे. कायद्याला ती मान्य आहे आणि स्वस्त बाटल्यांत खूप वापरतात. आपल्या चारही बाटल्या पहिल्या रीतीच्या आहेत.

काबिनेट, श्पेटलेझ, आउसलेझ ही उतरंड १९७१च्या कायद्यातली. तोडणीच्या वेळी रसात किती साखर होती यावर ती ठरते. मोजमाप ओक्सले अंशांत. फोर्ट्सहाइमचे सोनार फेर्डिनांड ओक्सले यांच्या नावाने ते ओळखलं जातं. आंबवून झाल्यावर बाटलीत किती गोडी उरली, हे या नावांवरून कळत नाही. श्पेटलेझ कोरडीही असू शकते. गिऱ्हाइकांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून मेन्यूवर एक ओळ यासाठी राखून ठेवायची.

४ सप्टेंबर

पहिला पदार्थ पक्का. धुरी दिलेली ट्राउट, ताजा किसलेला मेअररेटिश म्हणजे हॉर्सरॅडिश, थोडी आंबट साय, काळा पाव. सोबत २०२१ची काबिनेट.

२०२१चं साल इथे थंड आणि पावसाळी गेलं, आम्लता चढी राहिली. कोरड्या वाईन करणाऱ्यांना त्या वर्षी जड गेलं, पण काबिनेट मात्र अप्रतिम उतरल्या. हिच्यात लिटरला ४५ ग्रॅमच्या आसपास साखर असूनही पहिल्या घोटाला कुणी गोड म्हणणार नाही. माशाची धुरकट, खारट चव आणि मेअररेटिशचा नाकात जाणारा झणका या दोन्हींवर ती गारवा देते. कोरडी रिझलिंगही शेजारी ठेवली होती. मेअररेटिशनंतर ती कडवट, धातूसारखी लागली. चौघांनी चाखलं, चौघांनी काबिनेटचाच ग्लास पुन्हा उचलला.

दुसरा पदार्थ राइबेकुखन. किसलेला बटाटा, कांदा, अंडं, जायफळ, तेलात खरपूस तळलेल्या चकत्या, आणि वर सफरचंदाचा गर. ऱ्हाइनलँडमध्ये हा घरोघरी होतो. बटाटा किसून फडक्यात घट्ट पिळायचा, पिळलेलं पाणी भांड्यात दहा मिनिटं स्थिर ठेवायचं, वरचं पाणी ओतून द्यायचं आणि तळाशी बसलेला पांढरा साका परत मिश्रणात घालायचा. त्याने चकती एकसंध राहते आणि कडेला जाळी पडते. तेल पुरेसं तापलेलं हवं, नाहीतर बटाटा तेल पितो.

यात महत्त्वाचा निर्णय गराचा. बाजारातल्या डब्यातला गर गोड असतो. त्याच्यासोबत काबिनेट एकदम आंबट वाटली. बोस्कूप जातीच्या आंबट सफरचंदांचा, साखर अजिबात न घालता, फक्त लिंबाची साल टाकून शिजवलेला गर घेतला तेव्हा वाईनमधली गोडी पुढे आली आणि तीच गराची साखर झाली. यापुढे स्वयंपाकघरात नियम: या मेन्यूतल्या कुठल्याही तिखटामिठाच्या पदार्थात वरून साखर पडणार नाही. गोडी ग्लासातून येईल.

१२ सप्टेंबर

सुट्टीचा दिवस, मोझेलकाठच्या वेलेन गावाला जाऊन आले. गाव नदीच्या एका काठाला आणि ‘झोनेनऊर’ ही बाग समोरच्या काठाला. झुलता पूल ओलांडला की भिंतीसारखा चढ सुरू होतो. मधोमध खडकावर पांढरं सूर्यघड्याळ आहे, १८४२ साली योडोकुस प्रूम यांनी बांधलेलं, बागेत राबणाऱ्यांना वेळ कळावी म्हणून. बागेचं नाव त्याच्यावरूनच पडलं.

पायाखाली माती जवळजवळ दिसत नाही. निळसर करड्या पाटीच्या दगडाचे चपटे तुकडे, पाऊल टाकलं की खळखळत खाली घसरतात. हा दगड डेव्होनियन काळातला, सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीचा. दुपारी चारला एक तुकडा उचलला तर हाताला चांगलाच चटका बसला. दिवसा घेतलेली ऊब तो संध्याकाळनंतर वेलींना देत राहतो, म्हणूनच इतक्या उत्तरेला रिझलिंग पिकते. प्रत्येक वेल स्वतंत्र खुंटाला बांधलेली, दोन फांद्या वाकवून बदामाच्या आकारात. ट्रॅक्टरची इथे सोय नाही. फवारणी, छाटणी, तोडणी, सगळं माणसाच्या पायांवर. काही वेली कलम न केलेल्या, स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. मुळं खाणारी फायलोक्सेरा कीड या दगडात फारशी तग धरत नाही.

ज्यांच्याकडून आम्ही श्पेटलेझ घेतो ते वयस्कर बागायतदार सोबत होते. एप्रिलच्या चौथ्या आठवड्यात कडाक्याच्या थंडीने दव गोठलं, कोंब जळाले, त्यात सार आणि रुव्हर नद्यांच्या खोऱ्यांचं सगळ्यात जास्त नुकसान झालं. वेलेनच्या या चढावर त्यांचं कमी गेलं, पण खालच्या सपाट तुकड्यात यंदा तोडायला फार काही नाही, असं सांगताना ते एकेका वेलीपाशी थांबत होते. उशिरा फुटलेल्या कोंबांवरचे घड अजून हिरवे होते, बाकीच्यांचे मणी मऊ पडायला लागलेले.

मेन्यूचं बोलल्यावर त्यांनी काही न म्हणता घरी नेलं. टेबलावर घरची लेबरवुर्स्ट, म्हणजे मर्जोरम हा सुवासिक पाला घातलेलं डुकराच्या कलेजीचं सॉसेज, जाडसर काळा पाव, मोहरी, मुळा. आणि २०१९ची श्पेटलेझ, फ्रिजमधून काढलेली. “ही आम्ही जेवतानाच पितो,” ते म्हणाले, “तळघरातून वर आलो की भूक लागलेली असते, तेव्हा.” कलेजीची जड, किंचित कडसर चव, भरपूर मीठ, आणि त्यावर ही वाईन. मिठाने वाईनमधलं फळ उघडलं, वाईनने चरबी पुसून काढली. हा पदार्थ मेन्यूत हवाच. त्यांचं सॉसेज विकत मिळणार नाही, पण ट्रियरमधल्या खाटकाकडे मर्जोरम जास्त घालून करून घेता येईल.

२० सप्टेंबर

कर्मचाऱ्यांच्या जेवणाची पाळी माझी होती, तेव्हा तांबडा रस्सा केला. हा मेन्यूत जाणार नाही. मला फक्त तिखटाची परीक्षा बघायची होती.

सुकं खोबरं, तीळ, खसखस, लवंग, दालचिनी, दगडफूल भाजून वाटलं, कांदा-लसूण मसाला गावाहून आणलेला. मटण इथल्याच मेंढीचं. तिखट नेहमीएवढंच ठेवलं, कमी केलं नाही. प्रत्येकाच्या पुढे तीन ग्लास: साडेतेरा टक्क्यांची लाल वाईन, साडेबारा टक्क्यांची कोरडी रिझलिंग, आणि आपली ८ टक्क्यांची श्पेटलेझ.

लाल वाईन दुसऱ्या घोटालाच सगळ्यांनी बाजूला सारली. तिचा तुरटपणा मिरचीसोबत कडू झाला. कोरड्या रिझलिंगने आग वाढवली. यामागे कारण आहे: मिरचीतला तिखट घटक जिभेवरच्या ज्या उष्णता जाणणाऱ्या संवेदकांना डिवचतो, त्यांनाच अल्कोहोलही डिवचतं. जितकं अल्कोहोल जास्त तितका भडका जास्त. श्पेटलेझमध्ये ते कमी, शिवाय साखर तिखटाची धार बोथट करते आणि आम्लता खोबऱ्याचा तेलकटपणा कापते. पण मला आवडली ती वेगळीच गोष्ट. आग शमल्यावर मागे लवंग आणि दगडफूल स्पष्ट जाणवत होते. पाण्याने किंवा बिअरने हे होत नाही, तिखटाबरोबर मसाल्याचा वासही वाहून जातो.

भांडी घासणारा पोरगा, जो वाईन पीत नाही, त्याला त्याच बागायतदाराकडचा रिझलिंगचा न आंबवलेला रस दिला होता. रश्शासोबत रस फार गोड पडला. रसात साखर श्पेटलेझच्या दुप्पट-तिपटीने असते, म्हणून सोडा घालून अर्धा केला तेव्हा जमला. वाईन न घेणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी हाच ग्लास मेन्यूत ठेवायचा, निम्मा रस, निम्मा सोडा, लिंबाची फोड.

३० सप्टेंबर

जे बाद झालं त्याची थोडक्यात नोंद. बीफ स्टेक: काही संबंधच जुळत नाही, मांसाच्या भाजलेल्या चवीला तुरटपणा लागतो. रादिकिओची कडू कोशिंबीर: वाईन आणि पान दोन्ही एकमेकांना झोडपतात. टोमॅटोचं सूप: दोन आंबट, एकाचाही फायदा नाही.

झाउअरब्राटनवर मात्र वाद झाला. व्हिनेगरात मुरवलेलं बीफ, ऱ्हाइनलँडच्या पद्धतीने बेदाणे आणि मसालेदार केकचा चुरा घातलेली रस्सेदार आमटी. मालकीणबाईंना आउसलेझसोबत ते आवडलं. मला व्हिनेगर जास्त वाटतं. यंदा नको, असं ठरलं.

९ ऑक्टोबर

गावभर सध्या फेडरव्हाइसर, अजून आंबत असलेली धूसर, फसफसती नवी वाईन, आणि कांद्याचा केक. बाटलीचं झाकण सैल ठेवलेलं असतं, आडवी केली तर सांडते. आमच्याकडेही रोज संध्याकाळी हेच खपतंय. मेन्यूशी याचा संबंध एवढाच की जी माणसं वर्षभर कोरडीच मागतात, तीच आत्ता गोड, ढगाळ फेडरव्हाइसर कांदा आणि बेकनसोबत आनंदाने पितात. गोडी आणि खारट-तळकट एकत्र चालतं हे त्यांच्या जिभेला माहीत आहे. वाढणाऱ्या मुलींना सांगून ठेवलंय, नोव्हेंबरमध्ये कुणी कुरकुर केली की याची आठवण करून द्यायची.

१७ ऑक्टोबर

चीजचा दिवस. निळ्या बुरशीची तीन चीज, एक शेळीचं, एक जुनं कडक. २०१५ची आउसलेझ, लिटरला ११० ग्रॅमच्या आसपास साखर, थोड्या मण्यांवर बोट्रायटिस, म्हणजे द्राक्ष सुकवून गोडी दाट करणारी बुरशी चढलेली, म्हणून पीचबरोबर मध आणि केशराच्या जवळ जाणारा वास.

खारट निळं चीज आणि ही वाईन, याबद्दल नवीन सांगण्यासारखं काही नाही, पिढ्यान्‌पिढ्या लोक हे खात आलेत. पण प्रमाण फार महत्त्वाचं ठरतं. चीजचा मोठा तुकडा खाल्ला तर मीठ सगळ्याचा ताबा घेतं. नखाएवढा तुकडा, पेअरच्या पातळ फोडीवर, आणि छोटा घोट, असं केलं की चीजमधला तिखटपणा लोण्यासारखा मऊ होतो. बशीत चीज कमी आणि पेअर जास्त ठेवायचं.

त्यानंतर गोड. सफरचंदाचा स्ट्रुडेल, चॉकलेटचा केक, आणि डाम्फनुडेल म्हणजे वाफवलेला मैद्याचा गोळा, तळाशी खारट कुरकुरीत पापुद्रा. पहिल्या दोघांनी आउसलेझला आडवं पाडलं. वाईन गोडाहून गोड नसेल तर ती हरते, हे पुन्हा दिसलं. डाम्फनुडेल टिकला, कारण त्याचा गोळा जवळजवळ फिका असतो आणि खालचा पापुद्रा खारट. पाल्झ प्रांतात त्याच्यावर वाईनचा रस ओततात. तो आम्ही साखर अगदी बेताची ठेवून काबिनेटचाच करणार. मेन्यूतला हा एकमेव गोड पदार्थ.

२४ ऑक्टोबर

१९९७ची आउसलेझ आज उघडली. बूच मऊ पडलेलं, साध्या स्क्रूने तुटलं असतं, म्हणून दोन पात्यांचा चिमटा कडेने सरकवून हळूहळू फिरवत वर काढलं. खालचा अर्धा भाग ओला, वास स्वच्छ.

रंग जुन्या सोन्याचा. पहिला वास पेट्रोलचा, जुन्या रिझलिंगची ती ओळखच आहे, आणि ज्यांना माहीत नसतं ते बाटली बिघडली असं समजतात. पाच मिनिटांनी त्याच्या मागून सुकवलेलं जर्दाळू, संत्र्याची साल, ओल्या पानांचा वास. साखर रासायनिकदृष्ट्या तेवढीच आहे, कुठे गेलेली नाही, पण जिभेला ती निम्मी वाटते. वयाबरोबर फळाचा ताजेपणा ओसरतो आणि गोडी बाकीच्या चवींत मुरून जाते. म्हणूनच जुनी आउसलेझ शिकारीच्या मांसासोबत देण्याची मोझेलच्या घरांत रीत आहे.

हुन्सऱ्यूकच्या जंगलातलं हरणाचं मांस मिळालं होतं. पाठीचा तुकडा, जुनिपरची फळं ठेचून लावलेली, लोण्यात सगळ्या बाजूंनी लाल करून मग मंद भट्टीत, आत गुलाबी राहील एवढाच. सोबत पेअर आणि आंबट प्रायझेलबेरी. रस्सा फक्त हाडांचा आणि जुनिपरचा. लाल वाईनसोबत हरण खायची सवय असलेला आमचा आचारी दोन घास खाऊन गप्प बसला आणि तिसऱ्या घासाला त्याने स्वतःच बाटली पुढे ओढली. जुनिपरचा राळेसारखा वास आणि वाईनचा पेट्रोलचा वास एकाच कुळातले वाटतात, मांसाच्या रानटीपणाला जर्दाळू उचलून धरतं. या सगळ्या कामात मला सगळ्यात जास्त समाधान या जोडीने दिलं.

बाटल्या मोजक्याच आहेत. हा पदार्थ फक्त शनिवारी, आधी सांगून ठेवणाऱ्यांनाच.

२ नोव्हेंबर

पाडवा. कोलोनहून मामेबहीण, मेव्हणे आणि तिचे सासरे आलेत, फराळ तिनेच करून आणलाय. मेन्यूच्या बाटल्यांतली उरलेली काबिनेट आणि आउसलेझ घरी होती, तेव्हा सहज चाखून बघितलं.

चकली आणि काबिनेट, याच्याइतकी सोपी आणि चांगली जोडी मला पूर्ण कामात सापडली नाही. भाजणीची खमंग चव, तीळ, ओवा, तळणाचा तेलकटपणा, आणि त्यावर थंड, हलकी, आंबटगोड वाईन. पातळ पोह्यांच्या चिवड्यासोबतही जमलं, कढीपत्ता आणि हिरवी मिरची छान उठून आली. लसूण शेवेला थोडी जास्त गोडी हवी होती, तिथे श्पेटलेझ चालेल.

करंजी मात्र काबिनेटला झेपली नाही, सारणातली पिठीसाखर भारी पडली. आउसलेझने कसंबसं निभावलं. अनारशाचं वेगळं निघालं: आंबवलेल्या तांदळाचा किंचित आंबूस वास आणि खसखशीचा खरपूसपणा यांच्याशी आउसलेझच्या मधाळ वासाचं सूत जुळलं, गुळाची गोडी असूनही. “अगं, हे तर तुझ्या मेन्यूत घाल,” बहीण म्हणाली. अनारशाचं पीठ इथे रोज करणं शक्य नाही, पण डाम्फनुडेलच्या पापुद्र्यावर खसखस भुरभुरायला काय हरकत आहे? उद्या करून बघते.

सासरे वाईन घेत नाहीत. त्यांना रस आणि सोड्याचा ग्लास दिला, चकलीसोबत त्यांनी दोन वेळा मागून घेतला.

८ नोव्हेंबर

हंसाची शेवटची चाचणी. सेंट मार्टिनला जर्मनीत हंस भाजतात. आत सफरचंद, चेस्टनट आणि बाइफुसच्या काड्या. बाइफुस ही आपल्या दवण्याच्या कुळातलीच वनस्पती, वास त्याच्याहून रांगडा, चव कडसर, चरबी पचवायला मदत करते असं मानतात. भाजताना कातडीखालची चरबी सुटावी म्हणून सुईने टोचायचं, मांसापर्यंत टोक जाऊ द्यायचं नाही. पहिल्या तासात निघालेली चरबी काढून ठेवायची, लाल कोबी तिच्यातच परतायचा.

लाल कोबीत एरवी व्हिनेगर आणि साखर दोन्ही पडतात. आम्ही दोन्ही वगळून आंबट सफरचंद, लवंग आणि कपभर श्पेटलेझ घातली. मग ताटातला कोबी आणि ग्लासातली २०१९ची श्पेटलेझ एकाच सुरात आले. कुरकुरीत कातडी, चरबी, बाइफुसचा कडसरपणा, चेस्टनटचा पिठूळ गोडवा, या सगळ्यांतून वाईनची आम्लता वाट काढत जाते. २०१९चं साल उन्हाचं होतं, फळ भरदार आहे, तरी आंबटपणा शाबूत. हंसासमोर उभं राहायला हाच जोर लागतो.

मेन्यूकार्डाचा मजकूरही आज ठरला. मालकीणबाईंना त्यावर १७७५ची गोष्ट हवी होती: ऱ्हाइनगाऊतल्या श्लोस योहानिसबर्गला तोडणीची परवानगी फुल्डाहून आणणारा घोडेस्वार उशिरा पोचला, द्राक्षं सडली, तरी तोडली आणि वाईन उत्तम निघाली, ती पहिली श्पेटलेझ, म्हणजे ‘उशिराची तोडणी’. गोष्ट गोड आहे, पण ती ऱ्हाइनगाऊची. मी आमच्या ट्रियरची ओळ सुचवली: १७८७ साली इथले इलेक्टर, म्हणजे त्या काळचे राज्यकर्ते आर्चबिशप, क्लेमेन्स वेन्झेस्लाउस यांनी निकृष्ट वेली उपटून चांगल्या जाती लावायचा हुकूम काढला आणि मोझेलवर रिझलिंगचं बस्तान बसत गेलं. शेवटी तीच छापायला गेली.

त्याखाली लेबल वाचायची युक्ती. ‘ट्रोकन’ किंवा ‘हाल्पट्रोकन’ (अर्धकोरडी) लिहिलेलं नसेल आणि अल्कोहोल साडेसात ते नऊ टक्के असेल, तर मोझेलची रिझलिंग गोड आहे असं समजायला हरकत नाही. बारा टक्के किंवा वर असेल तर कोरडी. ‘फाइनहेर्ब’ दोन्हींच्या मधली, तिला कायद्यात ठरलेली मर्यादा नाही. डिसेंबर २०२३पासून युरोपात नव्या वाईन्सवर पोषणमूल्यांची माहितीही द्यावी लागते, बऱ्याचदा क्यूआर कोडमधून, तेव्हा पुढच्या सालांच्या बाटल्यांवर साखरेचा आकडा सरळ बघता येईल.

१२ नोव्हेंबर

काल पहिली संध्याकाळ. ट्राउट आणि हंस सगळ्यात जास्त गेले, लेबरवुर्स्टला वेळ लागला, पण ज्यांनी घेतली त्यांनी दुसरा ग्लास मागवला. एका टेबलावरच्या आजोबांनी श्पेटलेझ परत पाठवली, “लीबफ्राउमिल्ख नको” म्हणाले. त्यांच्याकडे मी स्वतः गेले. लीबफ्राउमिल्खचं नाव वर्म्सच्या लीबफ्राउएनकिर्खे या चर्चभोवतीच्या बागेवरून आलं, पण पुढे त्या नावाने जी पातळ, गोडसर वाईन डझनांनी परदेशी गेली तिच्यामुळे एक अख्खी पिढी जर्मन गोड वाईनला दुरावली. त्यांच्या तक्रारीत तथ्य होतं, फक्त बाटली वेगळी होती. हंसाचा घास खाऊन एक घोट घ्या, एवढीच विनंती केली. त्यांनी घेतला, मग ग्लास ठेवून घेतला.

सुधारणा: काबिनेट ८ अंशांवर, श्पेटलेझ ९ वर, आउसलेझ १० ते ११ वर वाढायची. काल काबिनेट फार गार गेली, वास बंद होता. ग्लास लहान तोंडाचे, निमुळते घ्यायचे. उघडलेल्या बाटल्या बूच लावून फ्रिजमध्ये उभ्या. गोड रिझलिंग चार-पाच दिवस सहज टिकते, तेव्हा ग्लासने विकायला भीती नाही. खसखस लावलेला डाम्फनुडेल जमला, कायम. खाटकाला मर्जोरम आणखी थोडा वाढवायला सांगायचं. शनिवारच्या हरणासाठी सात जणांनी नावं दिली आहेत, १९९७च्या दोन बाटल्या शुक्रवारी रात्रीच उभ्या करून ठेवायच्या, गाळ खाली बसायला.